शेष

वानेस अर्थशास्त्राचा. फळ्यावर तो एकच रेघ काढतो:
शहराच्या चौकात उंच, मग उतरत उतरत
जमिनीचा भाव जिथे बीटाच्या भावाला मिळतो
तिथे टेकलेली.
"इथे शहर संपतं," म्हणतो,
आणि खडूची बोटं विजारीला पुसतो.

मी भूगोलाची. मी खिडकीकडे बोट दाखवते.
गेंटपासून आल्स्टपर्यंत शहर संपतच नाही,
डांबराला दोन्ही अंगांनी चिकटून
एकेका घराने पुढे सरकत राहतं:
वीट, गॅरेज, ट्रॅम्पोलिन, कुंपण,
कुंपण, ट्रॅम्पोलिन, गॅरेज, वीट,
आणि पाठीमागे
कुणापासून तरी लपवून ठेवल्यासारखी शेतं.
आमच्याकडे म्हणतात, माणूस पोटात वीट घेऊनच जन्मतो.
वानेसच्या समीकरणात
पोटाला चिन्ह नाही.

म्हणून दोघांनी मिळून जाळी विणली.
एक चौकट शंभर मीटर बाय शंभर मीटर.
प्रत्येक चौकट दरसाल शेजारणींना विचारते,
तुझ्यात काय बांधलं? रस्ता किती लांब?
स्टेशन सायकलने किती मिनिटं?
आणि ठरवते, शेत राहायचं की घर व्हायचं.
रात्रभर यंत्र गुरगुरतं.
सकाळी पन्नास वर्षं उलटलेली असतात
आणि माझी कॉफी गार.

चौऱ्याऐंशी टक्के जुळलं.
न जुळलेल्यांतली एक मला पाठच झाली: बावीस-एकशेसात.
मॉडेल तिथे दर खेपेला घरं बांधतं,
अठ्ठ्याऐंशी साली, फार तर एक्याण्णवला,
आणि उपग्रहाच्या प्रत्येक चित्रात ती हिरवी.
भाव चढा, रस्ता हाताशी, ना पूर, ना उतार.
"शेष," वानेस म्हणाला. "टाक त्या रकान्यात."

मार्चमधल्या धुक्यात मी सायकल काढली.
एक पॉपलर. निम्म्या भागात चिकोरीचे वाफे,
निम्म्यात नुसतं गवत, मधून तार.
तारेच्या अल्याड ओमेर, पल्याड त्याचा भाऊ आशिल.
जमीन दोघांच्या नावे, विकायची तर सह्या दोन,
आणि एका ट्रॅक्टरवरून,
खरं तर ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून,
एकोणचाळीस वर्षं अबोला.
"बिल्डर दर वसंतात यायचा," ओमेर म्हणाला.
"मी सही केली की तो नाही म्हणायचा.
त्याने केली की मी.
नाहीतर केव्हाच विकली असती हो,
मला कुठली आलीय शेतीची हौस!"

मातीविषयी एक सुंदर वाक्य
मी सोबत नेलं होतं.
तसंच परत आणलं.

भाऊबंदकीचा चल कसा घ्यायचा?
"दोन मूल्यांचा," वानेस गंभीरपणे म्हणाला, "शून्य नि एक."
मग आम्ही हसलो,
जरा जास्तच वेळ.

ऑक्टोबरात आशिल गेला.
ओमेर म्हणे चर्चमध्ये मागच्या बाकावर बसला
आणि सगळे गेल्यावर उठला.
पुढल्या जूनच्या चित्रात बावीस-एकशेसात करडी:
चार पाये, एक क्रेन,
क्रेनची सावली पॉपलरच्या जागेवर.
मॉडेलची अचूकता वाढली,
दशांशचिन्हानंतर तिसऱ्या स्थानी.
वानेसने ते तळटीपेत घेतलं. तारेचं काय झालं
ते चित्रात दिसत नाही,
तेवढी बारीक नजर आम्हाला परवडत नाही.

संध्याकाळी मी गाडी काढते.
एकतीस मिनिटं, त्याच रस्त्याने.
मलाही गॅरेज आहे, कुंपण आहे,
ट्रॅम्पोलिन मुलं मोठी झाल्यावर देऊन टाकलं.
माझी चौकट मॉडेलने दोन हजार नऊला बांधली,
आम्ही राहायला आलो त्याच वर्षी.
शेष शून्य.
मी दोनदा तपासलं.